नाळ कापायला दगड, टाळ्या वाजवायला महाराष्ट्र

दोस्तांनो, एक गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकलीय. तरी पुन्हा ऐका.

नऊ महिने भरलेली बाई बोर्डावर नाचतेय. नाचता नाचता कळा सुरू होतात. ती कनातीमागं जाते, बाळंत होते, दगडानं नाळ कापते, लुगडं सावरते आणि उरलेला खेळ करायला पुन्हा उभी राहते. समोरच्या पब्लिकला दिसतं की बाईचं पोट गेलंय. विचारपूस होते. खरं कळल्यावर लोक गहिवरतात, खेळ थांबवतात, म्हणतात, बाई, आता आराम कर.

बाईचं नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

ही गोष्ट मी टपरीवर ऐकली, एस्टीत ऐकली, सत्काराच्या भाषणांत ऐकली, रविवारच्या पुरवण्यांत वाचली. सांगणाऱ्याचा ऊर दर वेळी भरून येतो. काय ती जिगर! काय ती कलेवरची निष्ठा! ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. मग चहा येतो.

मला मात्र दर वेळी एकच प्रश्न पडतो. सुईण कुठं होती?

सुईण नव्हती. दवाखाना नव्हता. नवव्या महिन्यात बाईनं घरी बसावं एवढा पैसा गाठीला नव्हता. ती नाचली नाही तर खेळ नाही, खेळ नाही तर सुपारी बुडाली, सुपारी बुडाली तर फडातल्या साऱ्या माणसांच्या पोटाला चिमटा. एवढा हिशेब त्या बाईच्या डोक्यात होता आणि कळा पोटात होत्या. गिरणीत एखादी कामगार बाई मशीनवर बाळंत झाली असती तर युनियननं गेट बंद केलं असतं. पेपरात 'अपघात' म्हणून छापून आलं असतं. चौकशी बसली असती, निदान बसवा म्हणून कुणी ओरडलं असतं. हाच प्रकार तमाशाच्या कनातीमागं झाला तर त्याची दंतकथा झाली. कामाच्या जागी झालेल्या जुलमाला शौर्य म्हणायचं आणि टाळ्या वाजवून मोकळं व्हायचं, हा या महाराष्ट्राचा धंदा आहे. तो धंदा उघडा पाडायला मी हे लिहितेय.

मी आंबेगाव तालुक्यातली, मांगाची पोर. मंचर, कळंब मागं टाकून पुणे-नाशिक रस्त्यानं पुढं गेलं की जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव लागतं. टोमॅटोचा बाजार जसा तिथला, तसा तमाशाचाही. फाल्गुन-चैत्रात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले जीपगाड्या घेऊन येतात. नाचणाऱ्या किती, वग कोणता, सोंगाड्या कोण, सगळं चौकशी करून विचारतात. घासाघीस होते. पाडव्याच्या सुमाराला सुपाऱ्या फुटतात. तमाशाची पंढरी म्हणतात आमच्या लोकांना चढवून. पंढरीत निदान विठोबाला दोन वेळचा नैवेद्य असतो.

या गावात नारायण खुडे यांनी फड उभा केला. त्यांची पोरं भाऊ आणि बापू. फडाचं नाव पडलं भाऊ-बापू मांग नारायणगावकर. भाऊंची लेक विठा, जन्म १९३५ चा, पंढरपुरातला. शाळेत काही तिचं चित्त लागलं नाही. बोर्डावर लागलं. कुणी गुरू करून शिकवलं नाही. गण, गवळण, बतावणी, लावणी, वग हे सगळं घरातच होतं, जसं दुसऱ्याच्या घरात जातं असतं, चूल असते. तिनं ते उचललं आणि असं उचललं की तिच्या नावावर गावंच्या गावं लोटू लागली. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात सीमेवरच्या जवानांसमोर जाऊन ती नाचली-गायली. देशावर वेळ आली तेव्हा देशाला मांगाची विठा आठवली. तिच्यावर वेळ आली तेव्हा काय झालं ते पुढं सांगते.

आधी हे काम काय असतं ते समजून घ्या, कारण शहरात राहून आपल्याला फक्त ढोलकीचा ठेका ठाऊक असतो. दसऱ्याला फड बाहेर पडतो. त्याआधी माणसं मालकाकडून उचल घेतात. उचल म्हणजे पुढच्या अंगमेहनतीवर आधी घेतलेलं कर्ज. ती फिटेस्तोवर फड सोडता येत नाही. ऊसतोडीच्या टोळीत कोयता जसा बांधला जातो तसे इथं चाळ बांधले जातात. ट्रकमधून गाव गाठायचं, कुणाच्या तरी मोकळ्या रानात राहुट्या ठोकायच्या, आडोसा बघून अंघोळ उरकायची, मेकप करायचा, रात्रभर नाचायचं, सकाळी हजेरीचा खेळ करायचा, पुन्हा ट्रक. पावसाळ्यात चार महिने हात रिकामे. मग सावकार, मग पुन्हा उचल. फडमालकही आपल्यातलाच, तोही कर्जात. नफा वरच्यावर कोण नेतो ते शोधायला गेलं तर सापडतो तो तंबूबाहेरचा माणूस. रोकडा देणारा, गाड्या देणारा, मैदानाचं भाडं घेणारा.

आणि ज्या गावच्या जत्रेत ही बाई नाचते, त्या गावात तिच्या जातीचं घर कुठं असायचं? गावकुसाबाहेर. देवाची जत्रा तिच्याशिवाय पुरी होत नाही आणि देवळाच्या पायरीला तिचा पाय चालत नाही. हलगी मांगाची लागते, मांग लागत नाही. लावणी लागते, लावणीवाली लागत नाही. रात्री तिच्यावर फेटे उडवणारा सकाळी तिच्या तांब्यातलं पाणी पीत नाही.

आता पदकांचं बघा. १९५७ साली राष्ट्रपतींकडून पदक. १९९० साली पुन्हा राष्ट्रपतींकडून सन्मान. दोन वेळा दिल्ली. दोन वेळा फोटो. आणि १५ जानेवारी २००२ ला विठाबाई गेली, तेव्हा दवाखान्याचं बिल देणगी गोळा करून भागवावं लागलं. दोन राष्ट्रपतींनी गौरवलेल्या बाईचं बिल वर्गणीतून! मग सरकारला जाग आली. २००६ पासून तिच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. जीवन होतं तेव्हा गौरव कागदावर, आणि जीवन संपल्यावर जीवनगौरव. पुरस्कार घेणाऱ्या म्हाताऱ्या कलावंतांवर माझा काडीचा राग नाही. त्यांनी तो घ्यावा, पैसे मोजून घ्यावेत, त्यांच्या हक्काचे आहेत. राग आहे तो एका खुबीवर. पुरस्काराच्या नावात बघा काय आहे: 'तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर'. आणि काय नाही? 'भाऊ मांग' नाही. बाप गेला, जात गेली, गाव तेवढं राहिलं. जिवंत होती तेव्हा 'मांग' हा शब्द फडाच्या बोर्डावर हातभर अक्षरांत रंगवलेला असायचा. तिनं तो लपवला नाही. मंत्रालयाच्या कागदावर मात्र तो मावला नाही. सम्राज्ञी म्हणायचं आणि बापाचं नाव खोडायचं. असली सम्राज्ञी कुणाच्या दरबारात असते?

इथं मला सातासमुद्रापलीकडची एक बाई आठवते. आपल्या चळवळीनं १९७२ साली आपलं नाव अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून घेतलं. नाव घेतलं तर नजरही घ्यायला हवी. काळ्यांच्या कविता आपण वाचल्या, काळ्यांच्या नेत्यांचे फोटो खोलीत लावले. काळ्या नट्यांकडं आपलं लक्ष गेलं नाही. नटी म्हटलं की आपणही पब्लिकसारखेच वागतो.

तिचं नाव हॅटी मॅकडॅनियल. जन्म १८९३, कॅन्सस राज्यातला. आईबाप गुलामगिरीत जन्मलेले. बाप यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेतून लढलेला. भावंडांबरोबर ती गावोगाव खेळ करत फिरली, गायली, नाचली. म्हणजे घरचा फडच. १९२९ च्या मंदीनं काम गेलं तेव्हा मिल्वॉकीच्या एका क्लबात बायकांच्या प्रसाधनगृहात नोकर म्हणून राहिली. पुढं त्याच क्लबात गायली. लॉस एंजेलिसला गेली, पडद्यावर मोलकरणींच्या भूमिका करू लागली, आणि काम नसेल तेव्हा खरोखरच लोकांच्या घरी मोलकरीण व्हायची.

१९३९ साली 'गॉन विथ द विंड' आला. त्यात ती गोऱ्या मालकिणीच्या घरातली गुलाम दाई. डिसेंबरात अटलांटाला पहिला खेळ मोठ्या थाटानं झाला. हॅटीला जाता आलं नाही, कारण जॉर्जियात काळ्यांनी गोऱ्यांशेजारी बसायचं नाही असा कायदा होता. पडद्यावर ती चालते, पडद्यासमोरच्या खुर्चीत चालत नाही! मग २९ फेब्रुवारी १९४० ला ऑस्कर. सहायक अभिनेत्रीचं. हे बक्षीस मिळवणारी पहिली काळी व्यक्ती. समारंभ अँबॅसडर हॉटेलात, आणि त्या हॉटेलात काळ्यांना मज्जाव. निर्मात्यानं शब्द टाकला म्हणून तिला आत सोडलं, आणि बसवलं कुठं? बाकीच्या नटनट्यांपासून दूर, भिंतीकडेला एका छोट्या टेबलाशी. तिथून उठून ती बक्षीस घ्यायला गेली आणि बक्षीस घेऊन पुन्हा त्या भिंतीकडेच्या टेबलाशी बसली.

ते टेबल आणि ती कनात. मला दोन्ही एकच दिसतात. मान हातात द्यायचा, जागा द्यायची नाही.

१९५२ साली हॅटी मेली. मला हॉलिवूडच्या दफनभूमीत पुरा अशी तिची इच्छा होती. त्या दफनभूमीनं नकार दिला. मेलेल्या काळ्या बाईचा शेजार मेलेल्या गोऱ्यांना नको होता. तिचं ऑस्कर हॉवर्ड विद्यापीठात ठेवलं होतं, ते तिथून हरवलं, आणि अकादमीनं नवं करून दिलं ते २०२३ साली. प्रमुख अभिनेत्रीचं ऑस्कर काळ्या बाईला मिळायला मार्च २००२ उजाडावा लागला. ती हॅली बेरी. बक्षीस घेताना ती आधीच्या काळ्या नट्यांची नावं घेऊन रडली. त्याआधी दोनच महिने, जानेवारीत, आमची विठाबाई गेली होती. तिचं नाव घेऊन रडायला कुठल्या मंचावर कोण उभं होतं?

आता म्हणाल, हॅटी सिनेमातली, विठा तमाशातली, जोड कशी जमवतेस? जोड मी नाही, मराठी सिनेमानं जमवलीय. या सिनेमाचा गल्ला कुणाच्या चाळांवर भरला ते बघा.

स्वातंत्र्य मिळताच मुंबईच्या खेर सरकारनं अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली. पुढं उठवली ती वग-लावण्या तपासून घ्यायची अट घालून. त्याच सुमाराला, १९४७ साली, राजकमलचा 'लोकशाहीर राम जोशी' पडद्यावर आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. म्हणजे रानातल्या कनातीत नाचली तर अश्लील, थिएटरात पडद्यावर दिसली तर कला. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदात अडीच वर्षांच्या आसपास चालला. मग तमाशापटांची रांगच लागली. पाटील, सरपंच, सोंगाड्या, कंदील, फेटा. १९७२ साली, आपली पँथर जन्मली त्याच वर्षी, 'पिंजरा' आला. आदर्श मास्तर तमाशातल्या बाईपायी नासतो. थिएटरं भरभरून वाहिली. नीट बघा दोस्तांनो: या गोष्टींत नेहमी कुणीतरी इभ्रतदार माणूस पडतो आणि तमासगीर बाई म्हणजे तो पडायचा खड्डा. खड्डा कुणी खणला, खड्ड्यात आधीपासून कोण राहतं, हे विचारायला कथानकात जागा नसते.

पडद्यावरच्या त्या बाया सुंदर नाचल्या. हंसा वाडकर मोठी नटी, तिच्या आयुष्याचे हालही थोडे नव्हते. त्यांच्याशी भांडण नाही. भांडण त्या व्यवहाराशी आहे. पायाची चाल आमची, ढोलकीचा तोडा आमचा, डोळ्याची अदा आमची, नऊवारीचा काष्टा आमच्या बायांनी घातलेला. तो सगळा माल कच्चा म्हणून उचलायचा, स्टुडिओत धुऊन काढायचा आणि दुप्पट भावानं आम्हालाच तिकीट लावून दाखवायचा. कापूस विदर्भाचा आणि कापड मँचेस्टरचं. तमाशाच्या कनातीतून निघून पडद्याच्या मधोमध नायिका म्हणून उभ्या राहिलेल्या बाया बोटांवर मोजाव्या लागतात.

आणि राहिली उभी तर काय होतं, तेही या देशानं दाखवलंय. १९३० च्या सुमाराची केरळातली गोष्ट. पी. के. रोझी नावाची दलित मजूर बाई 'विगतकुमारन' या मूकपटाची नायिका झाली. पडद्यावर ती नायर घरातली बाई होती. पुलय जातीची बाई नायर बाई होते म्हणजे काय? सवर्णांनी थिएटरात दगडफेक केली, पडदा फाडला. रोझीला गाव सोडून पळावं लागलं. उरलेलं आयुष्य तिनं तमिळ मुलखात, आपण कोण होतो ते न सांगता काढलं. काळ्या हॅटीला गुलामाची भूमिका केली म्हणून बक्षीस मिळालं. रोझीनं मालकिणीची केली म्हणून दगड मिळाले. आपापल्या पायरीवर राहून नाचा, रडा, हसवा. पायरी सोडली की बघून घेऊ. दोन्हीकडचा कायदा एकच.

२०२५ साली वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की विठाबाईच्या आयुष्यावर मोठा हिंदी चित्रपट होतोय, लक्ष्मण उतेकर दिग्दर्शक आणि श्रद्धा कपूर विठाबाई. चित्रपट चांगला की वाईट ते चित्रपट पाहून बोलावं, तसं मी बोलेन. त्या नटीनं मेहनत घेऊ नये असंही माझं म्हणणं नाही. माझे प्रश्न तिकीटबारीच्या आधीचे आहेत. गल्ल्यातला किती वाटा नारायणगावच्या राहुट्यांकडं येणार? विठाबाईच्या नावातलं 'भाऊ मांग' पडद्यावर येणार की तेही स्टुडिओत धुऊन निघणार? आणि नाळ कापायचा तो प्रसंग कसा दाखवणार? मागं व्हायोलिन लावून, प्रेक्षकांना रडवून, शेवटी टाळ्या घेऊन? की कॅमेरा थोडा वळवून दाखवणार की आजूबाजूला ना पाणी होतं, ना दिवा, ना बाई?

हे सगळं पुस्तकी बोलणं नाही. पुण्यातल्या एका कॉलेजात मी शिकले. गॅदरिंगला लावणी ठेवायचे. डेक्कनकडच्या पोरी क्लास लावून यायच्या, भाड्याची नऊवारी, भाड्याचे चाळ, शिट्ट्या, पहिलं बक्षीस. घरी आईबाप पेढे वाटायचे. एका वर्षी मी तिथंच मागं बसलेले. एकीनं सहज विचारलं, तू कुठली गं? म्हटलं, नारायणगावकडची. ती खाली-वर बघत म्हणाली, अय्या, मग तुमच्यात खऱ्याच नाचतात का? तिच्या पायातले चाळ अजून वाजत होते. तिनं नाचलं ती कला. आमच्यातलीनं नाचलं ती जात. तिला कप, आम्हाला नजर. त्या पोरीला मी दोष देत बसत नाही. तिला तसं बघायला शिकवणारी अख्खी शाळा म्हणजे हा समाज.

इथवर सगळे माना डोलवतील. आता जरा आपल्या घरात येऊ.

आपल्या चळवळीत विठाबाईचं नाव किती वेळा निघतं? जयंत्यांच्या बॅनरवर अण्णा भाऊ असतात, आणि असायलाच हवेत. ते फोटो लावणारेच कार्यकर्ते तमाशा म्हटलं की चेहरा आक्रसतात. आपल्या बाया नाचवणारी ती गलिच्छ परंपरा, विसरा ती, म्हणतात. आणि पुरावा काय देतात? पठ्ठे बापूरावांची गोष्ट. महाडच्या लढ्याच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती घेतली नाही, ही ती गोष्ट. आपल्या बायांना नाचवून मिळवलेला पैसा नको, हा तिचा मथितार्थ.

बरोबर. पण ही गोष्ट नीट ऐका ना! नाकारला तो पैसा कुणाचा? बापूरावांचा. कुलकर्ण्यांच्या घरात जन्मलेल्या, महाराच्या पवळेच्या नाचावर फड गाजवणाऱ्या माणसाचा. बाबासाहेबांनी हिवरगावच्या पवळेला नाकारल्याचं या गोष्टीत कुठंय? बोट नाचवणाऱ्याकडं होतं. आपण ते उचलून नाचणारीकडं वळवलं. हे वळवणं सोयीचं आहे, कारण नाचवणारा दांडगा असतो आणि नाचणारी आपलीच असते. आपल्या बाईला लाज वाटायला लावणं फार सोपं काम आहे, सगळे करतात.

हॅटीच्या बाबतीतही हेच झालं. काळ्यांच्याच मोठ्या संघटनेच्या पुढाऱ्यांनी तिला धारेवर धरलं. किती दिवस गुलामांची, मोलकरणींची सोंगं करणार, आमची मान खाली जाते, म्हणाले. तिचं उत्तर सांगतात ते असं की, आठवड्याला सात डॉलरवर खरी मोलकरीण होण्यापेक्षा सातशे डॉलर घेऊन मोलकरणीचं सोंग करीन. पुढाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या भूमिका अपमानाच्याच होत्या. पण दुसऱ्या भूमिका कुठं होत्या? त्या पुढाऱ्यांच्या खिशात होत्या? आणि ही गुलामाची सोंगं करणारी बाई गप्प बसणारी नव्हती. लॉस एंजेलिसमध्ये शुगर हिल भागात काळ्यांनी घर घेऊ नये म्हणून गोरे शेजारी कोर्टात गेले, तेव्हा घरमालकांच्या बाजूनं ती उभी राहिली आणि १९४५ साली ती माणसं खटला जिंकली. ज्या बाईची लाज वाटत होती तिनंच घराची लढाई लढली.

म्हणून मी म्हणते, तमाशा सुटला पाहिजे आणि तमासगीर बाईला मान मिळाला पाहिजे, या दोन्ही गोष्टी एका तोंडानं बोलता येतात. ज्या पोरीला नाचायचं नाही तिला नाचायला लागता कामा नये. उचल, जात, बापाचं कर्ज, काही म्हणता काही तिच्या पायात बांधलं जाऊ नये. आणि जी नाचते तिला कामगार म्हणून मोजलं पाहिजे. येरवड्यात वाढलेल्या शैलजा पाईक यांनी २०२२ साली तमासगीर दलित बायांवर जाडजूड इंग्रजी पुस्तक लिहिलं, आणि २०२४ साली अमेरिकेची मॅकआर्थर फेलोशिप मिळवली. आपलीच बाई जगाला सांगतेय की अश्लीलतेचा शिक्का जातीनं मारलाय. जग ऐकतंय. आपण अजून कनातीबाहेर नाक धरून उभे.

आता बिल काढू. टाळ्या पुष्कळ झाल्या.

एक. मातृत्व लाभाचा कायदा १९६१ साली झाला. तो हक्क फडाच्या राहुटीपर्यंत पोचवा. नाचणारीला बाळंतपणाची भरपगारी रजा, आणि ती रजा मालकाच्या उपकारानं नको, कायद्यानं हवी. असंघटित कामगारांसाठी २००८ साली कायदा झाला होता; असंघटित कामगार म्हणून फडातला प्रत्येक माणूस नोंदवा. ढोलकीवाला, झीलकरी, तंबू ठोकणारा, स्वयंपाकीण, सगळे.

दोन. उचल बंद करा. हंगामाआधी बिनव्याजी कर्ज सरकारी बँकेतून मिळू द्या. २०२० आणि २०२१ सालच्या करोनात यात्रा बंद पडल्या, फड जागेवर बसले, कलावंत रानात खुरपायला गेले. त्या दोन हंगामांनी दाखवलं की या माणसांच्या खाली जमीनच नाही.

तीन. सरकार म्हाताऱ्या कलावंतांना 'मानधन' देतं. त्यासाठी अर्ज, दाखले, समिती. रात्र रात्र नाचलेल्या गुडघ्यांनी तालुक्याच्या कचेरीचे जिने चढायचे. मान नको, धन नको. पेन्शन म्हणा, आणि हक्कानं द्या.

चार. तमाशावर जो सिनेमा निघेल, जी मालिका निघेल, जो रिअॅलिटी शो निघेल, त्यातला ठरीव वाटा कलावंतांच्या कल्याण निधीत गेला पाहिजे. कच्चा माल फुकट मिळणार नाही.

पाच. पुरस्काराच्या नावात 'भाऊ मांग' परत घाला. पूर्ण नाव उच्चारताना मंत्र्याची जीभ अडखळते का ते आम्हाला बघायचंय.

आणि सहावी गोष्ट सरकारसाठी नाही, तुमच्या-माझ्यासाठी आहे. ती दगडाची गोष्ट पुन्हा कुणी तुमच्यासमोर सांगायला लागला, ऊर भरून, डोळे ओले करून, तर त्याला मधेच थांबवा. नम्रपणे विचारा, सुईण कुठं होती? दिवा कुठं होता? खेळाचे पैसे कुणी नेले? आणि तुमचा आजा त्या रात्री पुढच्या रांगेत बसून नेमकं काय करत होता?

उत्तर येईस्तोवर टाळी वाजवू नका.